जुना टीव्ही, नवं प्रक्षेपण : आषाढीआधी करून ठेवायची तयारी

मानवत तालुक्यात आमच्या मावशीच्या घरी एकवीस इंची रंगीत टीव्ही आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्यात तयार झालेला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलाच. टॉवरवरून येणारं प्रक्षेपण थांबलं तेव्हापासून त्यावर भरतकामाचं झाकण पडलं होतं आणि आषाढीच्या पहाटेची पंढरपूरची महापूजा बघायला मावशी शेजारी जायची. औंदा तिचे गुडघे धरलेत. "अंधारात आता चालणं होत न्हाई रे बाळा, घरातच दिसंल का काही करून?" असं तिनं विचारलं आणि मी कामाला लागलो. त्या कामात जे कळलं ते क्रमानं लिहितो, कारण या कामात क्रम चुकला की पैसे आणि चकरा दोन्ही वाढतात.

आधी एक समजून घ्या. संच बिघडलेला नाही. दूरदर्शननं मार्च २०२२ अखेर मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून देशभरातली जवळपास सगळी अॅनालॉग प्रक्षेपणं थांबवली. केबलचं त्याआधीच डिजिटल झालं होतं: औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती आणि खेड्यापाड्यांसाठी ती वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. जुन्या संचाला नव्या प्रक्षेपणाची भाषा कळत नाही, एवढंच. दुभाष्या मधे बसवला की तोच पडदा पुन्हा चालतो. हा दुभाष्या म्हणजे सेटटॉप बॉक्स.

बाजारात जाण्याआधी टीव्हीची पाठ बघा. ही पहिली पायरी मी चुकवली. तालुक्याच्या एका दुकानातून बॉक्स आधी आणला, घरी येऊन बघतो तर बॉक्सला फक्त एचडीएमआयचं चपटं छिद्र आणि मावशीच्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल अशी तीन गोल छिद्रं. बॉक्स परत घ्यायला दुकानदार तयार होईना, एक अख्खा दिवस त्यात गेला. म्हणून टॉर्च घ्या, टीव्ही भिंतीपासून पुढं ओढा, पाठीमागचा फोटो मोबाईलमध्ये काढा आणि तो फोटो दुकानदाराला दाखवूनच बॉक्स निवडा. मागं तीन रंगांची एव्ही छिद्रं असतील तर काम सोपं, कारण फ्री डिशच्या, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत छत्री सेवेच्या, बहुतेक साध्या बॉक्सला तीच तीन छिद्रं असतात. पांढरं आणि पिवळं अशी दोनच असतील तरी चालतं. आवाज एकाच बाजूनं येईल, पण येईल.

काही बॉक्सला तीन छिद्रांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक छिद्र असतं. त्याची केबल बॉक्सबरोबर आलेलीच वापरा. दुसरीकडची लावली तर तारांचा क्रम वेगळा निघू शकतो आणि चित्राच्या जागी घरघर ऐकू येते. तशी वेळ आलीच तर तिन्ही पिना आलटून पालटून लावून बघा, त्यानं नुकसान होत नाही. एचडीएमआयचाच बॉक्स हातात असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो. तो घेताना 'एचडीएमआय टू एव्ही' असाच मागा. दिसायला अगदी तसाच, पण उलट दिशेचाही मिळतो आणि तो इथं काहीच कामाचा नाही. कन्व्हर्टरला मोबाईलच्या चार्जरनं वीज द्यावी लागते, म्हणजे बोर्डावर एक जागा जास्त मोजा.

आता खरा अवघड संच. गल्लीतल्या बापूकाकांकडं सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला कृष्णधवल टीव्ही आहे, मागं अँटेनाच्या पट्टी वायरचे दोन स्क्रू आणि बाकी काही नाही. असल्या संचासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी लागते. बॉक्समधलं चित्र आणि आवाज घेऊन ती छोटं टॉवरच बनते, आणि टीव्हीला वाटतं की अँटेनातून चॅनल येतंय. डबीतून गोल केबल निघते आणि टीव्हीला चपटी पट्टी लागते, म्हणून दोहोंच्या मधे ७५ ते ३०० ओहमचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. बोटाच्या पेराएवढा असतो. डबी घेताना ती पाल-बी/जी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या प्रक्षेपणाच्या पद्धतीची आहे ना, हे विचाराच. आपल्या जुन्या संचांत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर बसतो. दुसऱ्या देशांसाठी बनलेल्या डबीत तो ४.५, ६ किंवा ६.५ वर असू शकतो. मग चित्र स्वच्छ येतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर, आणि माणूस विनाकारण स्पीकर बदलत बसतो. घरात जुना व्हीसीआर पडून असेल तर तो फेकू नका, त्याच्या पोटात हीच डबी असते. बॉक्सच्या पिना व्हीसीआरच्या एव्ही-इनला लावा आणि त्याची आरएफ-आउट टीव्हीला.

मग ट्यूनिंग. डबीवर ३ आणि ४ असं बटण असेल तर ३ वर ठेवा. टीव्हीच्या पुढच्या झाकणाखाली बारीक दातेरी चाकं असतात, प्रत्येकाजवळ व्हीएल, व्हीएच, यू अशी खूण. एका चाकाची पट्टी व्हीएलवर ठेवा, बॉक्सचा मेनू चालू ठेवा आणि चाक नखानं अगदी सावकाश फिरवा. बापूकाकांच्या टीव्हीत आधी मुंग्या दाट झाल्या, मग एकदम विरळ झाल्या, मग तिरक्या पट्ट्या आल्या, आणि त्या पट्ट्यांतून मेनूची अक्षरं उभी राहिली. तिथं थांबायचं आणि आवाज स्वच्छ होईपर्यंत केसभर मागंपुढं करायचं. काकू दारात उभ्या होत्या, "आलं, आलं, हात काढा आता" म्हणाल्या.

एक इशारा मनापासून देतो. मागचं झाकण उघडून आतून एव्हीचं छिद्र काढून देतो म्हणणारा कोणी भेटला तर नको म्हणा. जुन्या कित्येक संचांची आतली धातूची चौकट थेट विजेच्या लाइनला जोडलेली असते. तिला बाहेरचा बॉक्स जोडला तर बॉक्सच्या पत्र्यालाही वीज येते. शिवाय चित्रनळीत संच बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा दाब उरतो. मॉड्युलेटर हाच सुरक्षित मार्ग.

प्रक्षेपण कुठलं घ्यायचं, ते आता ठरवा. केबल येत असेल तर केबलवाल्याचा बॉक्स, खासगी डीटीएच असेल तर त्यांचा. जोडणी वर सांगितली तीच. २०१६ साली दूरदर्शननं १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात औरंगाबादही होतं, पण त्याला वेगळा बॉक्स लागतो आणि आमच्यासारख्या आडगावाला त्याचा उपयोग नाही. खेड्यात माझी पसंती सरळ डीडी फ्री डिशला. डिसेंबर २००४ पासून ती सेवा चालू आहे, छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं काही भरावं लागत नाही, आणि सह्याद्री त्यावर आहे. बॉक्स मात्र एमपेग-४ चाच (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) घ्या. कुणी जुना एमपेग-२ चा फुकट दिला तरी त्यावर सगळी चॅनलं दिसत नाहीत.

छत्रीची जागा दिवसा शोधा. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. मराठवाड्यातून बघितलं तर ही दिशा जवळपास नेमकी आग्नेय पडते, आणि आग्नेय दाखवायला आपल्याकडं होकायंत्र लागत नाही, चूल कुठं मांडायची हे घरातल्या बायकांना पाठ असतं. मोबाईलचं होकायंत्र वापरायचंच तर पत्र्यापासून लांब उभे राहा, लोखंडाजवळ काटा भरकटतो. संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठूनही हा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंश वर, म्हणजे बराच डोक्याकडं असतो. त्यामुळं समोरची भिंत दोन मीटरवर असेल तर छत्रीपेक्षा तीन मीटर उंच असली तरी आड येत नाही. छत्री स्वतः मात्र तेवढी आभाळाकडं बघताना दिसणार नाही, बरीच उभी दिसेल. तिची घडणच तशी असते, म्हणून घाबरून ती मागं वाकवू नका.

झाडाचं बघा. मावशीच्या अंगणात आग्नेयेलाच कडुनिंब आहे. फाल्गुनात पानं झडलेली असताना छत्री लावली तर सिग्नल उत्तम मिळतो आणि पावसाळ्यात झाड भरलं की चित्राचे चौकोन व्हायला लागतात. आम्ही जागा चार हात पश्चिमेला सरकवली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागं येतो. त्या दिवसांत त्या वेळी जिथं ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतोच. त्याच काही मिनिटांत चित्रही जाऊ शकतं, तेव्हा छत्री हलवू नका, आपोआप येतं.

माळवदावर छत्री लावणार असाल तर मातीत खिळे ठोकू नका, पुढच्या पावसात घर गळेल. लोखंडी पाट्यावर पाय पक्का करून त्यावर दगड ठेवा, नाहीतर भिंतीच्या दगडी बांधकामाला धरून पाइप उभा करा. पत्र्यावर तर मुळीच नको, वाऱ्यात पत्रा थरथरला की छत्रीही थरथरते. पाइप उभा झाला की गवंड्याचा ओळंबा लावून बघा. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर फिरली की दिशा एका अंशानं बदलते, आणि पाइपच कललेला असेल तर जुळवाजुळव करता करता संध्याकाळ होते. वानरांचा उपद्रव असलेल्या गावात नटाला दुहेरी नट घाला.

केबल आरजी-६, एकसंध, मधे जोड न देता घ्या. टोक सोलताना मधली तार पिनेच्या कडेपुढं तीन-चार मिलिमीटर राहू द्या आणि जाळीचा एकही केस तिला शिवू देऊ नका. बॉक्स या केबलमधूनच एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, म्हणून पिना जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. एलएनबीकडची पिन चिकटपट्टीनं नीट गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. छत्री जुळवताना टीव्हीसमोर एक माणूस आणि वर एक, दोघांत फोन चालू. बॉक्सच्या मेनूत एलएनबीसाठी ९७५०/१०६०० निवडा आणि लक्ष क्वालिटीच्या पट्टीवर ठेवा. स्ट्रेंथची पट्टी छत्री भलतीकडं असली तरी भरलेली दिसते, तिच्यावर विसंबू नका. क्वालिटी हलली की थांबा, दोन सेकंद वाट बघा, मग पुढं. सगळ्यात वर गेली की एलएनबी जरासं पिळून अजून वाढते का बघा आणि मगच नट आवळा.

चित्र आलं पण रंग नाही आणि ते वरखाली पळतंय, असं झालं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्ही सिस्टिम एनटीएससी असेल, ती पाल करा. माणसं लांबुडकी दिसली तर पडद्याचं प्रमाण ४:३ लेटरबॉक्स करा. वरखाली काळ्या पट्ट्या येतील, पण चेहरे खरे दिसतील. मावशीनं आधी त्या पट्ट्यांना नाक मुरडलं, मग सह्याद्रीच्या बातम्यांत खालची अक्षरं पूर्ण वाचता आली तेव्हा राहू दे म्हणाली.

विजेचं राहिलं. आपल्याकडं दाब कधी दीडशेवर येतो तर कधी अडीचशेच्या पुढं जातो, म्हणून टीव्ही आणि बॉक्स दोन्ही स्टॅबिलायझरवर घ्या. छत्रीच्या पाइपाला जमिनीपर्यंत जाड तार देऊन अर्थिंग करा. अर्थिंग असलं तरी वळवाच्या दिवसांत ढग वाजायला लागले की प्लग काढा आणि छत्रीची केबलही बॉक्सपासून सोडवा, माळवदावर तर कुणीही चढू नका. मुसळधार पावसात चित्र काही वेळ जाणारच, तो दोष नाही.

शेवटचं काम कागदाचं. टीव्हीला एव्हीवर न्यायचं बटण कुठलं, बॉक्सचा रिमोट कुठला, सह्याद्री कितव्या नंबरावर, हे ठसठशीत अक्षरात लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवा. दोन रिमोटमध्ये घोळ होऊ नये म्हणून मी बॉक्सच्या रिमोटला लाल दोरा बांधलाय. नंबर मधेच बदलतात, तेव्हा एकादशीच्या दोन दिवस आधी बॉक्सला पुन्हा चॅनल शोधायला लावून नंबर तपासा. महापूजा अगदी अपरात्री सुरू होते, त्या वेळी कुणाला उठवायला लागू नये. मावशीनं आतापासूनच घोंगडी टीव्हीसमोर टाकून ठेवली आहे.