डीसीटी गाडी बेसमेंटमध्ये लावताना: हिसके, उतार आणि तापणारा क्लच

ड्युअल क्लच गिअरबॉक्सची, म्हणजे डीसीटी, गाडी पार्किंगमध्ये अडखळते, हिसके देते, कधी मागे घरंगळते. बहुतेक वेळा त्यात बिघाड काहीच नसतो. गिअरबॉक्स आत काय करतोय हे कळलं की अर्धा त्रास कमी होतो, म्हणून आधी तेवढं पाहू.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. गाडी मुंगीच्या पावलाने गेली तरी झीज होत नाही. डीसीटीमध्ये मात्र खरेखुरे दोन क्लच असतात आणि ते कॉम्प्युटर दाबतो-सोडतो. पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, बहुतेक गाड्या ताशी ६-७ किलोमीटरने चालतात. त्याहून हळू जायचं तर क्लच पूर्ण जोडता येत नाही, तो घसरत ठेवावा लागतो. मॅन्युअलवाले ज्याला हाफ क्लच म्हणतात तेच. पार्किंगचं जवळजवळ सगळं काम या वेगाच्या खाली चालतं, म्हणून तिथेच गाडी चाचपडते.

क्लच कोरडा की ओला, म्हणजे तेलात बुडालेला, यानेही फरक पडतो. फोक्सवॅगनने २००३ साली ६ स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी (त्यांच्या डीसीटीचं नाव) आणला, त्यात साधारण ६.५ लिटर तेल. २००८ च्या ७ स्पीड कोरड्या क्लचच्या डीएसजीत फक्त १.७ लिटर, आणि तेही गिअरसाठी. कोरड्या क्लचची उष्णता वाहून न्यायला तेल नाही, हवाच काय ती. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, टायगून आणि स्लाव्हियाच्या १.५ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाच्या गाड्यांमध्ये हाच ७ स्पीड प्रकार आला. त्याच गाड्यांच्या १.० लिटर ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यामुळे शोरूममध्ये एक चालवून दुसरी घेतलीत तर पार्किंगमध्ये आश्चर्य वाटेल. व्हर्ना आणि क्रेटा टर्बोचा ७ स्पीड डीसीटी कोरडा. टाटाचा डीसीए, म्हणजे त्यांचा डीसीटी, ओला.

गाडी गेटातून आत घेतल्यावर

ऑटो होल्ड बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक थांब्यावर ब्रेक आपोआप धरला जातो आणि सोडवण्यासाठी रेस द्यावी लागते. एक फूट पुढे जायचं असताना गाडी तीन फूट उडी घेते ती इथेच. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे थांबलं की इंजिन आपोआप बंद करणारी सोय, तीही बंद करा, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होणं आणि क्लच जुळणं एकाच क्षणी येतं.

सीटबेल्ट मात्र सोडू नका. मागे वळून पाहायला सोपं जावं म्हणून अनेकजण तो आधीच काढतात. इलेक्ट्रॉनिक हॅण्डब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये बेल्ट नसेल किंवा दार उघडं असेल तर रेस दिल्यावर हॅण्डब्रेक आपोआप सुटत नाही. आपण रेस वाढवतो, गाडी हलत नाही, आणि क्लच मुकाट्याने सोसत राहतो.

स्पोर्ट मोडही नको. त्यात रेसला प्रतिसाद तिखट होतो.

सपाट जागेवर फक्त ब्रेक

सपाट फरशीवर रेसच्या पेडलला हात, म्हणजे पाय, लावायची गरज नाही. ब्रेक हाच तुमचा क्लच समजा. जोरात दाबला की कॉम्प्युटर क्लच उघडतो. हळूहळू सोडला की क्लच थोडा थोडा जुळतो आणि गाडी रांगू लागते. ब्रेक एकदम सोडला तर क्लचही घाईने जुळतो आणि हिसका बसतो. पाय उचलायला पूर्ण एक सेकंद घ्या. जाड तळव्याच्या बुटात हे नीट जमत नाही, पातळ तळवा बरा.

सकाळी थंड इंजिनचं आयडल, म्हणजे रेस न देता फिरायची गती, चढलेलं असतं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की त्यातही फरक पडतो. त्यामुळे तीच गाडी सकाळी जास्त जोरात रांगते आणि संध्याकाळी शांत असते. ब्रेकवरचा पाय तसा जुळवून घ्यायचा.

डी वरून आर करताना आधी गाडी पूर्ण थांबवा. ब्रेक दाबून लिव्हर हलवा, डिस्प्लेवर आर दिसू द्या, गाडीने किंचित ओढ घेतलेली जाणवली की मगच ब्रेक सोडा. हा उशीर अर्धा ते एक सेकंदाचा असतो. तीन टप्प्यांत गाडी वळवताना लोक घाई करतात ती नेमकी इथे: गिअर लागायच्या आत रेस देतात, मग तो लागतो तेव्हा इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असतं. भिंतीला बंपर लावायचा हा सर्वात खात्रीचा मार्ग.

लांबलचक पार्किंगमध्ये ताशी १०-१२ च्या आसपास गिअरबॉक्स दुसऱ्यात जातो, खांबापाशी हळू केलं की पुन्हा पहिल्यात येतो, आणि दर वेळी धक्का. अशा ठिकाणी मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा. क्लचची घसरण त्याने कमी होत नाही, पण गिअरची ही येजा थांबते.

चढाचा रॅम्प

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधले रॅम्प अरुंद, वळणाचे आणि उभे. चढावर नुसतं रांगणं पुरत नाही, रेस द्यावीच लागते. खरा धोका आहे तो थोडी रेस देऊन गाडी चढावर जागच्या जागी तोलून धरण्याचा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते चालून जातं. डीसीटीत त्या वेळी इंजिनची सगळी ताकद क्लचच्या घर्षणात जळत असते.

म्हणून पुढची गाडी रॅम्पवरून पूर्ण बाहेर पडेपर्यंत खाली सपाटीवरच थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. मग एका दमात, ताशी ८-१० च्या वर राहून चढा. या वेगाला क्लच पूर्ण जुळलेला असतो.

मध्येच थांबावं लागलंच तर ब्रेकने थांबा. निघताना हिल होल्ड सुमारे दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतं. तेवढ्यात पाय पेडलवर नेऊन एकदाच, ठामपणे पण थोडी रेस द्या. बिचकत दिलेली रेस क्लचला जास्त वेळ घासते. हाताने ओढायचा हॅण्डब्रेक असेल तर जुनी पद्धत उत्तम: हॅण्डब्रेक ओढलेला, हलकी रेस, गाडीने जोर घेतल्याचं जाणवलं की हॅण्डब्रेक खाली. डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने रेस हा प्रयोग करू नका. ब्रेक दाबलेला दिसला की बहुतेक गाड्या इंजिनची ताकद कापतात आणि क्लच उघडतात; हवी तेव्हा ताकद मिळतच नाही.

उतरताना प्रश्न उलटा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, पण वेग ६-७ च्या खाली आला की इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच उघडतो आणि ती पकड अचानक जाते. गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. ब्रेकवर पाय आधीपासूनच ठेवा.

स्टॉपर, उंबरठा आणि स्टॅक पार्किंगची प्लेट

मागची चाकं छोट्या उंचवट्याला टेकली की गाडी थांबते. आपण रेस वाढवतो, काही होत नाही, आणखी वाढवतो. मग क्लच पकडतो, चाक उंचवटा ओलांडतं आणि साठलेली ताकद गाडीला मागे फेकते. उपाय: उंचवट्याच्या दीड-दोन फूट आधीपासून गाडी रांगती ठेवा आणि त्या चालीनेच चाक वर चढू द्या. रेस लागलीच तर अगदी जराशी, आणि चाक माथ्यावर येतंय असं जाणवताच पाय ब्रेकवर. उंचवट्याला टेकून थांबलाच असाल तर तिथूनच ढकलत बसू नका. पुढे या, पुन्हा या.

स्टॅक पार्किंगच्या (गाड्या एकावर एक लावतात त्या) लोखंडी प्लेटलाही अशीच कड असते. शिवाय पावसाळ्यात ती ओली. प्लेटच्या बाहेरच चाकं सरळ करून घ्या, कारण कडेवर स्टिअरिंग वळवलेलं असेल तर जास्त जोर लागतो आणि चाक घसरतं.

लावून झाल्यावर

उतारावर थेट पी मध्ये टाकून ब्रेक सोडला तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो. नंतर पी मधून काढताना खाडकन आवाज होतो तो त्याचाच. ब्रेक दाबून एन, मग हॅण्डब्रेक, मग ब्रेक हळू सोडून गाडीला हॅण्डब्रेकवर बसू द्या. पुन्हा ब्रेक दाबून पी, मग इंजिन बंद.

तापला असेल तर, आणि बिघाड कधी समजावा

क्लच तापल्याची खूण म्हणजे जळका वास, निघताना थरथर आणि डिस्प्लेवर इशारा. सपाट जागी पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून काही मिनिटं थांबा. डिस्प्लेवर वेगळी सूचना आली तर ती पाळा.

सपाटीवर, शांतपणे ब्रेक सोडूनही रोज थरथर होत असेल तर ती तुमच्या पायाची चूक नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन तपासून घ्या: क्लच झिजतो तसा त्याचा पकडायचा बिंदू सरकतो आणि कॉम्प्युटरला तो नव्याने शिकवावा लागतो. क्लच बदलण्याचा खर्च सांगितला जाण्याआधी हे झालंय ना, ते विचारा. ओल्या क्लचच्या गाडीत तेल कधी बदललं तेही पाहा. ६ स्पीड ओल्या डीएसजीला ते दर ६०,००० किलोमीटरला लागतं.

आणखी एक उपयोगी खूण. ७ स्पीड कोरड्या डीएसजीत १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर, तर २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर असतात. गिअरचं चिन्ह लुकलुकतंय, रिव्हर्स लागत नाही आणि पुढे जाताना दुसरा, चौथा गिअर गायब असेल, तर सम बाजूची यंत्रणाच बंद पडली आहे. अशा गाडीने बेसमेंटमध्ये उतरू नका, तिथून मागे काढायला रिव्हर्सच नसेल.