वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर इंदूरमध्ये जेवायचं कसं?

ऑपरेशनला तीन-चार महिने झाले की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता सगळं पचतंय ना, मग थोडे पोहे खायला काय हरकत आहे?" हरकत पोह्यांना नाही. पण पोहे, शेव, साबुदाण्याची खिचडी, जिलबी हे सगळं लहान झालेल्या पोटातून सहज उतरतं. पनीर, अंडं, मटकीची उसळ, चिकन यांना मात्र चावावं लागतं, वेळ द्यावा लागतो. मग माणूस नकळत जे उतरतं तेच खात सुटतो. वजन तरीही काही काळ घटतच राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. आतून मात्र स्नायू, रक्त आणि हाडं खंगत जातात.

१. आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं, ते विचारून घ्या

स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, आतड्याचा मार्ग तोच राहतो. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला खालच्या बाजूला जोडतात. त्यामुळे अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी-१२ ला तर जठरातलं आम्ल आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं, म्हणून ते दोन्ही ऑपरेशनांत कमी पडू शकतं. शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच कमी असतं. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे त्याची गरज वारंवार पडते.

२. पहिले दीड-दोन महिने सर्जनच्या कागदाप्रमाणेच

आधी पातळ पेयं, मग दूध-ताक-सूप, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ अन्न, असा क्रम साधारण सगळीकडे असतो. दिवस मात्र प्रत्येक सर्जनचे वेगळे असतात. शेजारच्या काकांना तिसऱ्या आठवड्यात खिमट चाललं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

या काळात पाणी हाच मोठा प्रश्न असतो. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवं आणि एका वेळी दोन-चार घोटच मावतात. इंदूरच्या मे महिन्यात तर बाटली हातातून सोडूच नका. नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक चालतं. शिकंजी नको. आपल्याकडची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं गोड दूध. ती पेय म्हणून मोजू नका. सोडा आणि कोल्ड्रिंकही बंद.

३. ताटात प्रथिनं आधी

बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगितली जातात. आकडा ऐकायला लहान वाटतो. दोन अंड्यांची भुर्जी १२ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, वाटीभर घट्ट वरण ६, वाटीभर दही ५, मोठा कपभर दूध ८, वीस ग्रॅम कोरड्या सोया वड्या १०. हे सगळं एका दिवसात खाल्लं तरी बेरीज ५० होते, आणि पहिल्या काही महिन्यांत एवढं पोटात मावतच नाही. अंडंही न खाणाऱ्या घरांत तर प्रोटीन पावडरीशिवाय सहसा भागत नाही. पावडर म्हणजे जिमवाल्या पोरांचं खूळ, हा समज घरातल्या मोठ्यांनी बाजूला ठेवलेला बरा. डबा घेताना एका चमच्यात प्रथिनं किती आणि साखर किती, एवढं वाचा.

खायची पद्धतही बदलावी लागते. छोटा चमचा, छोटी ताटली, जेवायला वीस ते तीस मिनिटं. आधी उसळ, पनीर, अंडं किंवा मासे, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा किंवा भात. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. उचकी लागली, नाक वाहू लागलं, छातीत दाब आला की पोट भरलं असं समजा. ताटात टाकायचं नाही ही शिकवण आपल्या हाडात मुरलेली असते. उरलेला घास झाकून ठेवा, पण संपवू नका.

आता शहराच्या खाण्याकडे. घन अन्न सुरू झाल्यावर सकाळी उसळ-पोहे करता येतील, फक्त प्रमाण उलटं: वाटीभर उसळ, वर दोन चमचे पोहे. वरून भुरभुरायचा जिरावण मसाला चालेल, शेव नको. दाल-बाफल्यातली दाल घ्या, तुपात बुडवलेला बाफला सोडा. भुट्ट्याचा कीस दोन चमचे चाखायला ठीक. तळलेला गराडू कंद पहिल्या वर्षी नकोच. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दहाला जाऊन "नुसतं बघतो" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गोडाची गोष्ट वेगळी. विशेषतः बायपासनंतर जिलबी किंवा गुलाबजाम खाल्ला की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम घसरून थरथर सुटते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचे डोस ऑपरेशननंतर लगेच बदलून घ्यावे लागतात, हेही ध्यानात असू द्या.

४. गोळ्या आयुष्यभर

अमेरिकेतल्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ साली दिलेले आकडे साधारण असे: बी-१२ रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १,००० चं इंजेक्शन, थायमिन म्हणजे बी-१ रोज किमान १२ मिलिग्रॅम, कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, डी जीवनसत्त्व ३,००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत, लोह पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी आठवड्याला ६० हजार युनिटचं सॅशे दिलं असेल तर डीचा हिशेब वेगळा; दोन्ही मिळून घेऊ नका, विचारा. औषधाच्या दुकानातली साधी मल्टिव्हिटामिन गोळी या आकड्यांना पुरत नाही.

वेळेचा घोळ इथेच होतो. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास हवेत. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा विभागून. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची गरज कमी, म्हणून ते बरं. कार्बोनेट असेल तर जेवणासोबतच. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. चहाने लोह कमी शोषलं जातं, लिंबू किंवा आवळ्याने मदत होते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेक वेळा ते झपाट्याने वजन घटल्यामुळे असतं आणि थांबतं. बायोटिनच्या डब्यांवर पैसे उडवण्याआधी प्रथिनं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि झिंक बघा. जास्त बायोटिनने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडेही चुकीचे येऊ शकतात.

५. रक्त तपासा, बरं वाटत असलं तरी

साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. हिमोग्लोबिन एकटं पुरत नाही. फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन लिहून घ्या. कॅल्शियम रक्तात नॉर्मल दिसू शकतं, कारण शरीर ते हाडांतून काढून भरत असतं.

६. उपास आणि पाहुणचार

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार: पहिलं वर्ष निर्जळी उपास अजिबात नको. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर, दाण्याचं कूट, राजगिरा यांवर. आग्रहाला उत्तर आधीच ठरवून ठेवा: "काकू, पोट लहान केलंय, एक घास घेते, बाकी डब्यात द्या." डब्यात दिलं की आग्रह करणाऱ्याचंही समाधान होतं.

७. हे दिसलं तर दवाखाना

दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर वाट बघू नका. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळणं सुरू होतं आणि मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं. हातापायाला मुंग्या आल्या तरी बी-१ आणि बी-१२ बघायला सांगा.

बायपास झाला असेल तर डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका. नव्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. तंबाखूनेही तेच. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण बाळाचा विचार बारा ते अठरा महिने पुढे ढकला. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी पुरेशी शोषली जाईल याची खात्री नसते, म्हणून दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या महिन्यात, आणि "उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन द्या". रात्री दोनला कॅज्युअल्टीत सोबत कोण असेल ते सांगता येत नाही, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन ठाऊक नसतं.