पीएलजीए मायक्रोस्फिअर बिघडतात कुठे? या चुका टाळा

महिनाभर थोडंथोडं औषध सोडावं म्हणून पीएलजीए या शरीरात हळूहळू तुटणाऱ्या पॉलिमरपासून बनवलेले मायक्रोस्फिअर, म्हणजे इंजेक्शनने द्यायचे सूक्ष्म गोल कण, पहिल्याच दिवशी निम्मं औषध सोडून मोकळे होतात. मग दोष जातो पॉलिमरला. हा नुसता औषध सुटण्याच्या आलेखातला दोष नाही. इंजेक्शन एकदा दिलं की ते परत काढून घेता येत नाही, आणि तो जादा डोस रुग्णालाच सोसावा लागतो. माझं मत असं, की पॉलिमर बदलण्याआधी पाण्याचा माग काढावा. पीएलजीए तुटतं ते पाण्यामुळेच. पाणी नको तिथे, नको तेव्हा पोचलं का, हे कळलं की बरेचसे बिघाड उलगडतात.

सुरुवात पीएलजीएच्या बाटलीपासून करा. उणे २० अंशांवरची बाटली बाहेर काढून लगेच उघडली, की काचेवर दव जमतं तसं आतल्या पांढऱ्या दाण्यांवरही जमतं, आणि साठवणीतच पॉलिमरची साखळी जोडणारे एस्टर बंध तुटू लागतात. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाटली जुनी असेल तर रेणुभार (साखळ्या किती लांब आहेत याचं माप) पुन्हा मोजून घ्या.

निवड करताना लेबलवरचं ५०:५०, म्हणजे लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड या दोन घटकांचं गुणोत्तर, एवढंच पाहू नका. साखळीच्या टोकाला मोकळं आम्ल आहे की ते एस्टरने बंद केलंय, हेही पाहा. गुणोत्तर आणि रेणुभार तोच असला तरी आम्ल टोकाचं पीएलजीए पाणी लवकर ओढतं आणि लवकर तुटतं. ग्लायकोलाइड वाढवत नेलं की वेग वाढतच जातो, हाही गैरसमज आहे. सर्वांत जलद तुटतं ते ५०:५०च्या आसपासचं. ग्लायकोलाइड फार वाढलं तर पॉलिमर स्फटिकी होतं आणि डायक्लोरोमिथेन या नेहमीच्या द्रावकात विरघळेनासं होतं.

पहिल्या दिवशीचा लोंढा

सर्वाधिक डोकेदुखी इथे. औषध पाण्यात सहज विरघळणारं असेल आणि साधं तेल-पाणी इमल्शन (पॉलिमर द्रावणाचे थेंब थेट पाण्यात) वापरलं, तर थेंब घट्ट होण्याआधीच औषध बाहेरच्या पाण्यात पळतं. कणांत औषध कमी भरलं आणि लोंढाही मोठा, अशी जोडी दिसली की आधी हाच संशय घ्या. दुहेरी इमल्शन (औषधाचं पाणी आधी पॉलिमर द्रावणात, मग ते बाहेरच्या पाण्यात), जास्त घट्ट पॉलिमर द्रावण आणि थंड बाह्य पाणी यांनी फरक पडतो. बाह्य पाण्यात मीठ घालून आतबाहेरचा परासरण दाब जुळवला तर पाणी आत घुसून भोकं पाडत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना जरूर पाहा. पृष्ठभाग चाळणीसारखा असेल तर वाट त्या छिद्रांनीच करून दिलीय. पृष्ठभाग गुळगुळीत, पण वर सुईसारखे स्फटिक असतील, तर औषध बाहेर सरकून पृष्ठभागावर जमलंय. तेव्हा सुकवण्याची पायरी तपासा.

सुकवताना ४० अंशांचा ओव्हन सुरक्षित वाटतो, कारण कोरड्या पीएलजीएचं काचसंक्रमण तापमान (ज्यावर ते मऊ पडतं) साधारण त्याच्या वर असतं. पण कणांत उरलेलं पाणी आणि द्रावक ते तापमान खाली खेचतात. कण मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात आणि सकाळी ट्रेमध्ये एकसंध ढेकूळ मिळतो. लायोफिलायझेशन, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणं, बरं. डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएमच्या मर्यादेत आलंय याची खात्री मात्र मोजूनच करा.

मोठा कण सावकाश तुटेल, हा अंदाजही फसवतो. आत तयार झालेलं आम्ल बाहेर पडायला वेळ घेतं आणि तेच उरलेल्या साखळ्या जलद तोडतं. कवच शाबूत आणि गाभा पोकळ, असा कण त्यातून बनतो. प्रथिन औषध या आम्लात खराब होतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखं आम्लशामक मिसळण्याचं कारण हेच.

चाचणीच चुकली तर?

औषध किती वेगाने सुटतं ते मोजताना कण बफरवर (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या चाचणीच्या द्रावणावर) तरंगत असतील तर ते नीट भिजत नाहीत, आणि तुम्ही मोजताय तो वेग खरा नसतो. बफरमध्ये औषध विरघळायला भरपूर वाव हवा. आणि दोन आठवड्यांत काहीच बाहेर आलं नाही म्हणून चाचणी थांबवू नका. रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधाच्या पहिल्या दीर्घकालीन इंजेक्शनात मुख्य औषध साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर सुटतं. म्हणून सुरुवातीचे तीन आठवडे गोळ्या सोबत चालू ठेवतात.

शेवटचा खोडा गॅमा निर्जंतुकीकरणाचा. यात दोष पाण्याचा नाही. किरणांनीच साखळ्या तुटतात आणि रेणुभार घटतो. म्हणून औषध सुटण्याची चाचणी किरणोत्सर्ग दिलेल्या बॅचवरच करा, आधीच्या नमुन्यावर नाही.