केक प्रिमिक्स डब्यात नको, पुड्या करा

संध्याकाळी वाशीहून लोकलचे धक्के खात घरी यायचं आणि पोरांना केक हवा असतो, मग तयार पाकीट आणलं जातं, महागडं. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी एकेका केकच्या कोरड्या सामानाच्या चार-पाच पुड्या झिपलॉकमध्ये भरून ठेवा. एकाच मोठ्या डब्यात कालवलं तर सोडा नीट सगळीकडे जात नाही, एक केक फुगतो आणि दुसरा बसतो.

१. एका पुडीत दीड कप मैदा, १ कप साखर, ३ टेबलस्पून कोको, १ टीस्पून खायचा सोडा, चिमूटभर मीठ. साखर सोडून बाकी चाळून घ्या.
२. पाकिटावर मार्करने लिहा: १ कप पाणी, १/३ कप तेल, १ टेबलस्पून व्हिनेगर, १८० डिग्री, ३०-३५ मिनिटं. हे लिहिलं की घरातलं कोणीही करू शकतं, अगदी नवरासुद्धा!
३. करताना सगळं ढवळा आणि लगेच प्रीहीट केलेल्या ओव्हनमध्ये, कारण व्हिनेगर पडल्या पडल्या सोडा कामाला लागतो.

अंडं, दूध काही लागत नाही. फक्त पावसाळ्यात आपल्याकडे ठाण्या-नवी मुंबईत हवा इतकी दमट की पुडीत गुठळ्या होतात, तेव्हा हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रिजमध्येच ठेवा.