इलियड-ओडिसी पहिल्यांदाच वाचताय? देवांची वंशावळ बाजूला ठेवा आणि भांडणापासून सुरू करा

ग्रीक पुराणकथा वाचायच्या म्हटलं की बहुतेक लोक एकच करतात, झ्यूसची फॅमिली ट्री शोधून काढतात, ऑलिंपसवरचे बारा देव पाठ करायला बसतात, वर त्यांची रोमन नावं वेगळी (झ्यूस म्हणजे ज्युपिटर, अथीना म्हणजे मिनर्व्हा) ती पण घोकतात, आणि आठवडाभरात कंटाळून सगळं सोडून देतात. यादी पाठ करून कुणाला गोष्टीची गोडी लागलीये? माझं म्हणणं असं की सरळ होमर या जुन्या ग्रीक कवीपासून सुरू करा. त्याची दोन महाकाव्यं, ट्रॉय शहराला वेढा घालणाऱ्या ग्रीकांच्या युद्धाची इलियड आणि त्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची ओडिसी. त्यातही सुरुवात इलियडच्या पहिल्या सर्गातल्या भांडणापासून. देव कोण आणि कसे ते आपोआप कळतं, कारण ते सगळे त्या भांडणात कुणाची ना कुणाची बाजू घेऊन उभे असतात.

१. आधी तीन काळ वेगळे करा

फार वेळ लागत नाही, एका कागदावर लिहिलं तरी पुरे. पहिला काळ साधारण इ.स.पू. १६०० ते १२००. ग्रीसमधल्या मायसीनी, पायलॉस इथले मोठे राजवाडे, भाषा जुनी ग्रीक, लिपी 'लिनिअर बी', जी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. त्या मातीच्या पाट्यांवर महाकाव्य वगैरे काही नाही हं, मेंढ्या किती, लोकर किती, तेल कुणाला दिलं असले हिशोब आहेत. पण त्याच हिशोबात झ्यूस, हेरा, पोसायडन ही नावं सापडतात, म्हणजे हे देव होमरच्या कितीतरी आधीचे.

दुसरा काळ म्हणजे इ.स.पू. १२०० च्या आसपास हे राजवाडे पडले त्यानंतरचा. लिहिणंच बंद झालं, पुढची काही शतकं गोष्टी टिकल्या त्या गाणाऱ्यांच्या तोंडी. तिसरा काळ इ.स.पू. आठवं शतक आणि त्याच्या पुढेमागे. फिनिशियन लोकांकडून अक्षरं घेऊन ग्रीकांनी स्वतःची वर्णमाला बनवली आणि साधारण याच सुमारास इलियड-ओडिसीला आजचं रूप यायला लागलं.

हे कळलं की एक मोठा गोंधळ मिटतो. होमर ज्या युद्धाची गोष्ट सांगतो ते त्याच्यासाठीसुद्धा जुनं आहे, त्यामुळे त्याच्या जगात सगळ्या काळांची मिसळ झालीये. इलियडच्या दहाव्या सर्गात रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण येतं, ते अस्सल मायसीनी काळातलं, उत्खननात मिळालंय. पण होमरचे वीर मेल्यावर जाळले जातात आणि मायसीनीचे लोक मात्र बहुतेक पुरत असत. तेव्हा 'हे नक्की कोणत्या शतकाचं वर्णन?' असं विचारत बसू नका. आणि ट्रॉय खरंच होतं का, तर तुर्कस्तानात हिसार्लिकला टेकडीत एकावर एक वसलेल्या शहरांचे थर आहेत, श्लीमान या जर्मन हौशी संशोधकाने १८७० पासून तिथे खणायला सुरुवात केली. शहर होतं. इलियडचा नायक अकिलीस होता याचा पुरावा नाही. पुढे चला.

२. नावांना घाबरू नका

होमर 'ग्रीक' म्हणतच नाही. अखियन, आर्गिव्ह, डॅनान, ही तिन्ही नावं त्याच एका सैन्याची. ट्रॉय आणि इलियॉन एकच, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस आणि अलेक्झांड्रॉस एकच माणूस. 'पेलेउसचा पुत्र' म्हणजे अकिलीस, 'अत्रेउसचा पुत्र' म्हणजे ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन किंवा त्याचा भाऊ मेनेलाउस. पार्थ, कौंतेय, धनंजय हे सगळे अर्जुनच हे आपण लहानपणापासून पचवलंय, तेव्हा हे काही जड जाऊ नये.

३. त्या समाजाचे तीन नियम डोक्यात ठेवा (ही पायरी गाळू नका, बाकी काही गाळलं तरी चालेल)

पहिला नियम मानाचा. मान म्हणजे तिथे नुसती भावना नाही, तो दिसावा लागतो, मोजता यावा लागतो. लूट मिळाली की सगळ्यांसमोर वाटली जाते आणि कुणाच्या वाट्याला काय आलं त्यावरून त्याची पत ठरते. आता पहिला सर्ग बघा. अपोलोचा पुजारी क्रिसेस, लुटीत अगामेम्नॉनच्या वाट्याला आलेल्या आपल्या मुलीला सोडवायला खंडणी घेऊन येतो, अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो, अपोलो चिडून छावणीत रोगराई पाठवतो. शेवटी मुलगी परत करावी लागते, पण मग सेनापतीच रिकाम्या हाताने कसा राहणार, म्हणून तो अकिलीसच्या वाट्याची ब्रिसेइस उचलून नेतो, तेही सगळ्या सैन्यासमोर. 'एका बाईसाठी एवढा राग?' असं वाटत असेल तर नियम परत वाचा, त्याने अकिलीसची किंमतच सगळ्यांदेखत शून्य केली. म्हणूनच नवव्या सर्गात अगामेम्नॉन सोनं, घोडे, बायका, सात शहरं, स्वतःची मुलगी, सगळं देऊ करतो तरी अकिलीस नाही म्हणतो. नुसती भरपाई देऊन झालेला अपमान पुसला जात नाही असं त्याचं म्हणणं, आणि इथे तो स्वतःच्या समाजाच्या हिशोबालाच प्रश्न विचारायला लागतो. मला तो सर्ग सगळ्या लढायांपेक्षा भारी वाटतो.

आणि ब्रिसेइस? अकिलीसने तिचं शहर लुटलं तेव्हा तिचा नवरा आणि तीन भाऊ मारले गेले. तिच्यावरून एवढं महाभारत घडतं पण ती स्वतः बोलते ते थेट एकोणिसाव्या सर्गात, एकदाच, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी रडताना. गुलामगिरी हा त्या समाजाचा पाया होता हे वाचताना विसरायचं नाही.

दुसरा नियम पाहुण्याचा. अनोळखी माणूस दारात आला तर आधी खाऊ घालायचं, मग नाव विचारायचं, जाताना भेट द्यायची, आणि या नात्यावर खुद्द झ्यूसची नजर. पॅरिसचा गुन्हा म्हणूनच दुप्पट, तो मेनेलाउसकडे पाहुणा म्हणून राहिला आणि त्याच्याच बायकोला, हेलनला, घेऊन गेला. सहाव्या सर्गात तर गंमतच आहे, ग्रीकांकडचा डायोमीडीस आणि ट्रॉयकडचा ग्लॉकस भर रणांगणात एकमेकांना मारायला उभे, बोलता बोलता कळतं की यांचे आजोबा एकमेकांचे पाहुणे-यजमान होते, झालं, लढाई कॅन्सल, चिलखतांची अदलाबदल. ग्लॉकस सोन्याचं देतो आणि कांस्याचं घेतो, शंभर बैलांच्या बदल्यात नऊ बैलांचा माल, आणि होमर म्हणतो झ्यूसने त्याची अक्कलच काढून घेतली असावी. (किंमत बैलांत, कारण या जगात नाणी नाहीत.)

तिसरा नियम शरण आलेल्याचा. गुडघे धरून विनवणी करणाऱ्याला झिडकारणं ही साधी गोष्ट नव्हे. पहिला सर्ग क्रिसेसला हाकलण्याने सुरू होतो आणि चोविसाव्यात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री अकिलीसच्या तंबूत येऊन, ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेऊन मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागतो. अख्खं काव्य या दोन बापांच्या मध्ये आहे.

४. काय वाचायचं, काय सोडायचं

इलियडचे २४ सर्ग, साडेपंधरा हजारांवर ओळी. पहिल्या वाचनात १, ३, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ एवढे वाचा. पहिला ६११ ओळींचा, एका बैठकीत होतो. दुसऱ्या सर्गाच्या उत्तरार्धात जहाजांची लांबलचक यादी आहे, कुठून कोण किती जहाजं घेऊन आलं वगैरे, बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात, ती बिनधास्त सोडा. मधल्या सर्गांची मारामारी नंतर वाचा, तेव्हा ती आवडते पण.

भाषांतर निवडताना जरा जपून. नेटवर फुकट मिळणारं सॅम्युएल बटलरचं इंग्रजी गद्य सोपं आहे पण त्यात देवांची रोमन नावं आहेत, ओडिसियसचा युलिसिस होतो, नवख्याचा पार गोंधळ उडतो. गद्यच हवं असेल तर ई. व्ही. रियू, पद्य हवं तर रॉबर्ट फेगल्स किंवा एमिली विल्सन. विल्सनची ओडिसी २०१७ ची, ओळी मूळ ग्रीकइतक्याच ठेवल्यात आणि इंग्रजी एकदम साधी.

एक अपेक्षा मात्र आधीच काढून टाका. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. अकिलीसची टाच नाही, त्याचा मृत्यूही प्रत्यक्ष येत नाही, फक्त त्याची चाहूल सारखी लागत राहते. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षाचे काही आठवडे एवढाच काळ आहे आणि काव्य संपतं ते हेक्टरच्या अंत्यसंस्काराने. घोड्याची गोष्ट ओडिसीत येते, तीही कुणीतरी सांगतंय म्हणून.

५. थोडं मोठ्याने वाचा

'चपळ पायांचा अकिलीस', 'गुलाबी बोटांची उषा' हे सारखं सारखं येतं आणि सुरुवातीला वैताग येतो, बसलेला असला तरी अकिलीस चपळ पायांचाच. याचं कारण मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने शोधलं. १९३० च्या दशकात तो युगोस्लाव्हियात गेला, तिथले निरक्षर गायक एकतारी वाद्यावर वीरकथा गायचे ती रेकॉर्ड केली, त्यातल्या अव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने तर १२ हजारांहून जास्त ओळींचं काव्य सांगितलं. पाठांतर नाही, वृत्तात बसणारे तयार तुकडे जोडत जोडत जागच्या जागी रचायचं. होमरची विशेषणं म्हणजे असेच तयार तुकडे. कानावर पडले की खटकत नाहीत, डोळ्यांना खटकतात.

६. मग ओडिसी

इथे २४ सर्ग, १२ हजारांवर ओळी, आणि नायक ओडिसियस पाचव्या सर्गापर्यंत प्रत्यक्ष दिसतच नाही. पहिले चार सर्ग त्याचा मुलगा टेलेमाकस बापाचा पत्ता काढत फिरतो. लोक म्हणतात सोडा, मी म्हणते वाचा, कारण पाहुण्याचा नियम तिथे पानोपानी दिसतो आणि तो दिसला तरच नवव्या सर्गातला राक्षस पॉलिफीमस नीट कळतो. त्याचा खरा गुन्हा काय, तर तो पाहुण्यांना जेवू घालायच्या ऐवजी पाहुणेच खातो. ओडिसियसची बायको पेनेलोपी हिच्या घरात ठाण मांडून बसलेले, तिच्याशी लग्न करायला आलेले उमेदवार वेगळं काय करतात? ते घर खातात.

२२ व्या सर्गात या सगळ्यांची कत्तल होते आणि त्यानंतर बारा दासींना फाशी दिली जाते. बालआवृत्तीत हे नसतं. घाईघाईने पान उलटू नका.

७. हेसिअड सगळ्यात शेवटी

आता काढा वंशावळ. हेसिअड या दुसऱ्या जुन्या ग्रीक कवीचं 'थिओगनी' हजारेक ओळींचं आहे, केऑसपासून (सुरुवातीची पोकळी) झ्यूसच्या सत्तेपर्यंत, आणि एव्हाना यातली निम्मी मंडळी ओळखीची झालेली असतात. त्याचंच दुसरं काव्य 'वर्क्स अँड डेज' घ्या, त्यात राजेमहाराजे नाहीत, बोयोशियातल्या अस्क्रा गावचा शेतकरी भावाशी वाटणीवरून भांडतोय, लाचखाऊ सरदारांना शिव्या घालतोय, कधी नांगरायचं कधी कापायचं ते सांगतोय. पँडोराची गोष्टही इथलीच, आणि ती पेटी नव्हे, मोठा रांजण आहे. समुद्रप्रवासाचे सल्ले तर हा माणूस ऐटीत देतो आणि लगेच कबूलही करतो की मी जहाजातून एकदाच गेलोय, ऑलिसहून समोरच्या युबिया बेटावर, काव्यस्पर्धेसाठी. स्पर्धा जिंकला मात्र, बक्षीस म्हणून तिवई मिळाली.