वर्गसमीकरणांची जोडी किंमत ठेवून कशी सोडवावी

अवयव पाडणं आणि वर्गसमीकरणाचं सूत्र येतं, असं धरून चालतो. ही जोडी घ्या:

क्ष² + य² = २५
य = क्ष + १

पायरी १. एक चल वेगळं करा. रेषीय (वर्ग नसलेलं) समीकरण हाताशी असेल तर त्यातूनच. वर्गाच्या समीकरणातून य काढायला गेलात तर वर्गमूळ गळ्यात पडतं. इथे य आयताच मिळालाय.

पायरी २. पहिल्या समीकरणात यच्या जागी (क्ष + १) ठेवा, कंसासकट. कंस विसरणारे क्ष² + १ लिहून मोकळे होतात आणि मधलं २क्ष हरवतं. नीट सोडवलं की २क्ष² + २क्ष − २४ = ०, म्हणजेच क्ष² + क्ष − १२ = ०.

पायरी ३. सोडवा. क्ष = ३ किंवा क्ष = −४.

पायरी ४. आता परत फिरून य काढायचा. उत्तरं बिघडतात ती इथेच. ‘क्षची किंमत कोणत्याही समीकरणात ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दोन्ही समीकरणं रेषीय असतील तर तो सहसा खपून जातो. वर्ग आला की तो चुकीचा आहे.

करून बघा. क्ष = ३ पहिल्या समीकरणात ठेवलं की य² = १६, म्हणजे य = ४ किंवा −४. क्ष = −४ ठेवलं की य = ३ किंवा −३. झाल्या चार जोड्या. पण (३, −४) दुसऱ्या समीकरणात घाला: −४ = ३ + १? मुळीच नाही. (−४, ३) चंही तेच. खऱ्या जोड्या दोनच: (३, ४) आणि (−४, −३). आलेखावर पहिलं समीकरण वर्तुळ आहे, दुसरं सरळ रेषा; सरळ रेषा वर्तुळाला दोनाहून जास्त ठिकाणी छेदतच नाही, तेव्हा चार उत्तरं दिसताच थांबायला हवं होतं.

म्हणून नियम एकच: ज्या समीकरणातून चल वेगळं केलं, त्याच समीकरणात परत जा. वर्ग केल्यावर चिन्ह पुसलं जातं. पहिल्या समीकरणाला ४ आणि −४ सारखेच, रेषेला नाहीत.

याचा अर्थ ± दिसलं की एक चिन्ह खोडा, असा मात्र नाही. दोन्ही समीकरणांत वर्ग असलेली ही जोडी बघा:

य = क्ष²
क्ष² + य² = २०

इथे यच्या जागी क्ष² ठेवून चौथा घात ओढवून घेऊ नका. उलट अख्ख्या क्ष² च्या जागी य ठेवा: य² + य − २० = ०, म्हणून य = ४ किंवा −५. परत जायचं ते य = क्ष² मध्येच. य = ४ ला क्ष = २ आणि −२, दोन्ही खरे. य = −५ ला वास्तव उत्तर नाही, कारण वर्ग ऋण होत नाही.

पायरी ३ ला विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) ऋण आला तर तिथेच थांबा. पहिल्या जोडीत य = क्ष + ८ असतं, तर विवेचक −५६ आला असता; म्हणजे रेषा वर्तुळाला शिवतही नाही. आकडेमोड एकदा तपासा आणि ‘वास्तव उकल नाही’ असं लिहून टाका.

आणि क्ष² = ५क्ष असं काही हाती आलं तर दोन्ही बाजूंना क्षने भागू नका. क्ष(क्ष − ५) = ० असं मांडा, नाहीतर क्ष = ० ही उकल हातची जाते.