गणितात उत्तर आधी पाहण्याची सवय : या चुका टाळा

दहावीच्या अंकगणिती श्रेढीतले, म्हणजे सारख्या फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांचे, एक नेहमीचे उदाहरण घ्या. 5 ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती? पहिली 100, शेवटची 995. फरक 895, त्याला 5 ने भागले की 179. पुष्कळ मुले इथे थांबतात, पुस्तकाच्या मागे 180 दिसले की 179 खोडून 180 लिहितात आणि पुढे सरकतात. वहीत सगळे बरोबर दिसते. पण तो 1 कुठून आला हे कळलेले नसते. मग 7 ने भाग जाणाऱ्या संख्या विचारल्या की 128 ऐवजी 127 येतात.

त्याच मुलाला एवढेच सांगा : 10 पासून 30 पर्यंत 5 ने भाग जाणाऱ्या संख्या लिहून मोज. 10, 15, 20, 25, 30. पाच झाल्या, आणि त्याच्या रीतीने मात्र चारच येतात. संख्या पाच, पण त्यांच्यामधली अंतरे चार, हे तो स्वतः पाहतो. श्रेढीच्या सूत्रात ‘एन वजा 1’ (एन म्हणजे संख्या किती ते) का असते, हे मग पाठ करावे लागत नाही.

दोन मिनिटांत गाईड उघडणे

उदाहरण अडले की निदान 10 ते 15 मिनिटे ते मुलाकडेच राहू द्या. पण नुसते वहीकडे बघत बसणे म्हणजे प्रयत्न नव्हे. या वेळात काय दिले आहे आणि काय शोधायचे आहे ते एकेका ओळीत लिहावे, आकृती काढावी, मोठ्या संख्यांच्या जागी लहान संख्या घालून पाहाव्यात. तरीही वाट सापडली नाही, तर गाईडमधल्या उत्तरावर कोरा कागद ठेवून फक्त पुढची एक पायरी पाहावी आणि उत्तर परत झाकावे. शेवटी सगळे मिटून पूर्ण उदाहरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरे शिकणे तिथेच होते. आपण नेमके कुठे अडलो हे ज्याला माहीत असते, त्यालाच ती एक पायरी कामाची वाटते. इतरांच्या डोळ्यांखालून ती नुसती निघून जाते.

फोटो काढला की उत्तर देणाऱ्या मोबाइल अॅपलाही हाच नियम लावा : आधी कच्चे काम, मग फोटो.

वाचले म्हणजे आले असे समजणे

सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते, त्यामुळे आपल्याला ते येते असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. हा प्रयोग गद्य उताऱ्यांवरचा होता, तरी गणिताच्या अभ्यासात फसगत अशीच होते : आदल्या रात्री सगळे येत असते आणि आठवड्याने कोरा कागद समोर आला की काहीच सुचत नाही.

ताळा न करता उत्तर जुळवणे

पुस्तकातले उत्तर पाहण्याआधी ताळा झालाच पाहिजे. ‘एक्सचा वर्ग वजा 15 एक्स अधिक 54 बरोबर शून्य’ याची उत्तरे उणे 9 आणि उणे 6 आली, तर उणे 9 घालून पाहा : 81 + 135 + 54 = 270. शून्य आले नाही, म्हणजे चिन्ह चुकले. ते मुलाने स्वतः पकडले, कुणी सांगावे लागले नाही. एका चुकीला मात्र हा ताळा पुरत नाही. ‘एक्सचा वर्ग बरोबर 5 एक्स’ यात दोन्ही बाजूंना एक्सने भागले की फक्त 5 उरते, आणि 5 घालून ताळा बरोबरच येतो. दुसरे उत्तर, शून्य, हरवलेले असते. म्हणून वर्गसमीकरणात उत्तरे किती मिळाली तेही मोजायला लावा.

मोठ्यांनी पेन्सिल हातात घेणे

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात दशकाचा अंक एक्स आणि एककाचा वाय मानला की मूल ती संख्या ‘एक्सवाय’ अशी लिहिते. लगेच ‘अरे, दहा एक्स अधिक वाय!’ म्हणू नका. ‘47 म्हणजे किती दशक, किती एकक?’ एवढे विचारा आणि थांबा. आपल्याला ती शांतता जड जाते, पण मुलाला ती हवी असते. ‘इथपर्यंत कसा आलास?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. चुकल्यावरच विचारलात, तर प्रश्न ऐकताच मूल उत्तर खोडायला लागते.

सगळेच स्वतः शोधायला लावणे

हे दुसरे टोकही तितकेच वाईट. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, हे ठरवून घेतलेले आहे. ते विचार करून सापडत नाही, सांगावेच लागते. स्वेलर आणि कूपर यांच्या 1985 मधल्या बीजगणितावरच्या प्रयोगांत नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तेव्हा त्यांना पुढची तशीच उदाहरणे कमी वेळात आणि कमी चुकांनी जमली. म्हणून नवा पाठ सुरू करताना दोन-तीन उदाहरणे पूर्ण सोडवून दाखवा. पुढच्यात शेवटची पायरी कोरी ठेवा, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, आणि मग सरावसंच मुलाच्या हाती द्या.

चूक खोडून टाकणे

खोडरबर बाजूला ठेवा. चुकीच्या ओळीवर एक रेघ मारावी, शेजारी चूक का झाली ते एका वाक्यात लिहावे, आणि तेच उदाहरण तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने कोऱ्या पानावर सोडवावे. एकच चूक तिसऱ्यांदा आली तर दहावीची आणखी उदाहरणे देऊन उपयोग नाही. चिन्हे सतत चुकत असतील तर सहावीच्या पूर्णांक संख्या काढा आणि आधी त्या पक्क्या करून घ्या.